महत्त्वाकांक्षेचा ताळेबंद

‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न लहान मुलांना कौतुकाने विचारला जातो आणि त्याचे कोणतेही उत्तर घरात गोड मानून घेतले जाते. तेच मूल अठरा-एकोणीस वर्षांचे होऊन महाविद्यालयाच्या दारात उभे राहिले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. आता त्याला शुल्काची पावती जोडलेली असते, वसतिगृहाचा खर्च जोडलेला असतो, आईवडिलांची बचत आणि अनेकदा बँकेचे कर्जही जोडलेले असते. आपली महत्त्वाकांक्षा कोणती, तिच्या वाटेत अडचणी कोणत्या आणि या काही वर्षांत आपण माणूस म्हणून किती वाढलो, याचा विचार विद्यार्थ्याला प्रथमच गांभीर्याने करावा लागतो. या विचाराला स्वप्नाइतकीच हिशेबाचीही बाजू असते. ती समजून घेण्यासाठी छत्तीसगढमधील भिलाई शहराच्या कुरुद भागाचे उदाहरण उद्बोधक ठरते.

पोलादनगरीच्या कडेचे कुरुद

छत्तीसगढमध्ये कुरुद नावाची दोन परिचित ठिकाणे आहेत. धमतरी जिल्ह्यातील कुरुद हे तालुक्याचे गाव. येथे अभिप्रेत असलेले कुरुद म्हणजे दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहराच्या कडेचे, कोहका वस्तीला लागून असलेले. कोहका-कुरुद मार्गावर अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा शाखांची महाविद्यालये उभी राहिली आणि हा परिसर विद्यार्थ्यांच्या वर्दळीने ओळखला जाऊ लागला. जवळच्या बालोद, बेमेतरा, राजनांदगाव या जिल्ह्यांतील भातशेती करणाऱ्या कुटुंबांपासून भिलाईच्या वसाहतीतील नोकरदारांपर्यंत सर्व थरांतील मुले-मुली अशा महाविद्यालयांतून एकाच बाकावर बसतात.

या शैक्षणिक विस्ताराचे मूळ पोलादात आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज आणि मुंबई-हावडा लोहमार्गाची सोय यांमुळे येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मराठी माणसाला हा प्रदेश तसा अपरिचित नव्हता. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात रतनपूर-रायपूरपर्यंत पोहोचली होती आणि तेव्हापासून मराठी घराणी येथे स्थिरावलेली होती.

कारखान्याने वसाहतींबरोबर शाळाही उभारल्या. तेथे शिकलेल्या मुलांना पुढचे शिक्षण जवळच मिळावे ही गरज क्रमाक्रमाने पूर्ण होत गेली. दुर्ग येथे १९५८ मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाले, १९८६ मध्ये भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि २००५ मध्ये स्वामी विवेकानंदांच्या नावाने भिलाईत तांत्रिक विद्यापीठ कार्यान्वित झाले. २०१६ मध्ये भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. तिचे कायम संकुल दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे असून ते फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. एका पिढीने पोलाद घडविले आणि पुढच्या पिढीने पदव्या घेतल्या, असा हा साठ-सत्तर वर्षांचा प्रवास आहे.

वडिलांचे स्वप्न आणि मुलांची निवड

पोलादनगरीतील पहिल्या पिढीची महत्त्वाकांक्षा सुस्पष्ट होती. कारखान्यात कायम नोकरी, वसाहतीत घर, मुलांना चांगली शाळा आणि निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी. ही चौकट ठरलेली असल्यामुळे तरुणाला फार निवड करावी लागत नसे. आयुष्याचा आराखडा त्याला जणू तयार मिळत असे.

ती चौकट आता राहिलेली नाही. यंत्रे अद्ययावत झाली, उत्पादन वाढले, परंतु कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर घटली. त्यामुळे कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज पुणे, बंगळूर वा हैदराबाद येथील संगणक कंपन्यांकडे पाहते. कोणी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते, कोणी पदवीनंतर ‘गेट’ परीक्षा देऊन सार्वजनिक उपक्रमात जाण्याचा विचार करते, तर कोणाला गावाकडे औषधांचे स्वतःचे दुकान थाटावयाचे असते.

पर्याय वाढले ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि पर्यायांबरोबर निवडीचे ओझेही वाढले आहे. पूर्वी अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडता येत असे. आता ‘ही शाखा तूच निवडलीस’ हे वाक्य विद्यार्थ्याला ऐकावे लागते. प्रत्यक्षात अनेकदा ती निवड त्याची नसतेच. शेजारच्या मुलाने घेतली म्हणून, नातेवाइकांनी सुचविली म्हणून, गुणानुक्रमाने मिळाली म्हणून शाखा ठरते. पहिल्या वर्षाच्या मध्यावर ‘मी येथे का आलो?’ हा प्रश्न पडतो. असा प्रश्न पडणे हे दुर्बलतेचे लक्षण समजू नये. आत्मपरीक्षणाची सुरुवात तेथूनच होत असते.

एका वर्गातील चार भाषा

महाविद्यालयीन विद्यार्थ्याची पहिली अडचण बहुधा पैशाची नसते, भाषेची असते. भिलाईतील मराठी घरातला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, मित्रांशी हिंदी बोलतो, आसपासच्या गावांतून छत्तीसगढी ऐकतो आणि वर्गात त्याच्यापुढे इंग्रजी पुस्तक असते. विषय समजलेला असतो, परंतु उत्तर मांडताना शब्द अडतात. बारावीपर्यंत प्रथम श्रेणी मिळविणाऱ्या मुलाला पहिल्याच सत्रात गणिताचा किंवा यांत्रिकीचा विषय राहिल्याचा निकाल पाहावा लागतो. त्या निकालाने त्याच्या बुद्धीविषयी काही सिद्ध होत नाही. सवय नसलेल्या भाषेत आणि सवय नसलेल्या वेगाने शिकताना लागलेली ती ठेच असते.

हे शिक्षणव्यवस्थेनेही आता मान्य केले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नवागत विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक परिचय कार्यक्रम आखून दिला आहे. त्यात अभ्यासाबरोबर मानवी मूल्ये, कला, खेळ, परिसराची ओळख आणि गटचर्चा यांना स्थान आहे. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्याची मुभाही मिळाली.

भाषांच्या या सरमिसळीतून सामर्थ्यही निर्माण होते, याचे उत्तम उदाहरण याच भूमीत सापडते. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी, शालेय शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे समर्थांचा ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या या तरुणाने त्या सीमेचाच पूल केला. आजच्या विद्यार्थ्याला यातून घेण्यासारखे हे की, ज्या गोष्टीला आपण आपली उणीव समजतो ती कधी कधी आपली पुंजीही असते.

दुसरी अडचण एकाकीपणाची. घरापासून प्रथमच दूर राहणारा विद्यार्थी आपल्या अपयशाविषयी घरी सांगत नाही, कारण घरच्यांनी त्याच्यासाठी किती सोसले आहे हे तो जाणतो. ‘सगळे ठीक आहे’ हे दूरध्वनीवरील वाक्य दोन्ही बाजू म्हणतात आणि दोन्ही बाजू पूर्ण सत्य सांगत नसतात. अशा वेळी प्राध्यापकांशी वा मित्रांशी मोकळेपणाने बोलणे श्रेयस्कर. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यविषयक सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या आणि पालकाच्या वहीत असावा.

स्वतःला विचारावयाचे प्रश्न

आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला दोष देणे नव्हे. व्यापारी जसा वर्षाअखेर येणे-देणे मांडून पाहतो, तसे विद्यार्थ्याने प्रत्येक सत्राच्या शेवटी कागद-पेन्सिल घेऊन काही प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत.

पहिला प्रश्न : मला जे व्हावयाचे आहे ते काम करणारी व्यक्ती दिवसभर नेमके काय करते, हे मला ठाऊक आहे काय? पदाचे नाव आकर्षक असते, परंतु दिवस कामात जातो. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊ इच्छिणाऱ्याने एखाद्या कारखान्यातील गुणवत्ता तपासणी कशी चालते हे एकदा तरी पाहावे.

दुसरा प्रश्न : मागील सत्रात मी कोणती गोष्ट नव्याने करू शकलो? गुणपत्रिकेत न दिसणारी वाढ येथे दिसते. वर्गापुढे उभे राहून पाच मिनिटे बोलता येणे, महिन्याचा खर्च ठरलेल्या रकमेत भागविणे, राहिलेला विषय पुन्हा देऊन उत्तीर्ण होणे, आजारी मित्राला रुग्णालयात नेणे, ही सारी जमेची बाजू होय.

तिसरा प्रश्न : माझ्या शिक्षणाचा एकूण खर्च किती, त्यातील किती रक्कम कोण देत आहे आणि ती परत करण्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी फार थोडे आढळतात. घरातील वडीलधारी मंडळीही ‘तू फक्त अभ्यास कर’ असे म्हणून तो टाळतात. त्यामागे माया असते. परंतु त्या मायेमुळे एकवीस वर्षांच्या पदवीधराला आपल्या डोक्यावर किती कर्ज आहे याची कल्पना नसते आणि पहिल्या नोकरीचा पगार हाती आल्यावर हप्त्याची सूचना अनपेक्षित वाटते.

पहिली जबाबदार स्वाक्षरी

शैक्षणिक कर्जात विद्यार्थी हा स्वतः कर्जदार असतो आणि आई, वडील किंवा पालक सहकर्जदार असतात. म्हणजेच कर्जाच्या दस्तऐवजावरील स्वाक्षरी ही बहुतेक तरुणांच्या आयुष्यातील पहिली आर्थिक जबाबदारीची स्वाक्षरी होय. ती समजून करावी, यासाठी पुढील हिशेब पाहावा.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एकूण ४ लाख रुपयांचे कर्ज घेतले. प्रत्येक वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये महाविद्यालयाकडे जमा झाले आणि व्याजाचा दर केवळ उदाहरणादाखल दरसाल १० टक्के धरला. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष मिळून परतफेडीला सूट असते. या काळाला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता सुरू झालेला नसला तरी या काळात सरळव्याज आकारले जाते. पहिल्या वर्षी ते १०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २०,०००, तिसऱ्या वर्षी ३०,००० आणि चौथ्या व पाचव्या वर्षी प्रत्येकी ४०,००० रुपये होते. एकूण व्याज १,४०,००० रुपये.

हे व्याज भरले नाही तर परतफेड सुरू होताना देणे ५ लाख ४० हजारांचे होते. दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये येतो. याउलट घरच्यांनी शिक्षणाच्या काळातच व्याज भरत राहण्याचे ठरविले, तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३३ रुपये आणि शेवटी सुमारे ३,३३३ रुपये भरावे लागतात. मूळ रक्कम ४ लाखच राहते आणि हप्ता सुमारे ५,२९० रुपयांवर येतो. दरमहा सुमारे १,८५० रुपयांचा हा फरक दहा वर्षांत २ लाख २२ हजारांच्या घरात जातो. आधी भरलेले १ लाख ४० हजार वजा केले तरी सुमारे ८२ हजार रुपये वाचतात. नवख्या पदवीधराच्या पगारातून दरमहा १,८५० रुपये कमी जाणे म्हणजे परगावी खोलीच्या भाड्याला लागणारा हातभारच होय.

हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः एकदा मांडला की त्याच्या महत्त्वाकांक्षेला आधार मिळतो. अपेक्षित पगारातून राहणे, जेवण आणि हप्ता भागेल काय, हे तो प्रवेशापूर्वीच तपासू लागतो. दोन महाविद्यालयांच्या शुल्कातील फरकाचा आणि तेथून मिळणाऱ्या संधींचा तो तुलनेने विचार करतो. गरज नसलेला खर्च कर्जात न घालण्याचे शहाणपणही येथूनच येते.

माहीत असाव्यात अशा सवलती

सर्वसाधारणपणे ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःची रक्कमही घालावी लागत नाही. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या शैक्षणिक कर्ज पतहमी निधीमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या पात्र कर्जाला तारण किंवा त्रयस्थ जामीन यांची अट उरत नाही. या हमीचे प्रमाण थकीत रकमेच्या ७५ टक्के असते. ही हमी बँकेसाठी असते, विद्यार्थ्याची देणेदारी तिच्यामुळे संपत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत मिळू शकते.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रम घेतला असेल, तर मोरॅटोरियमच्या काळातील व्याज केंद्र शासन सोसते. वरील उदाहरणातील १ लाख ४० हजार रुपयांचा भार अशा कुटुंबावर पडत नाही. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेवर सादर करणे आवश्यक असते. संस्थेची मान्यता योजनेच्या निकषात बसते किंवा नाही हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. निवडक गुणवंत संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण व जामीन यांशिवाय कर्ज, तसेच आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या आणि अन्य शासकीय शिष्यवृत्ती वा व्याजसवलत न घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत, असे तिचे स्वरूप आहे. योजना जाहीर झाली तेव्हा पात्र संस्थांची संख्या ८६० होती आणि ही यादी दरवर्षी नव्याने ठरते. त्यामुळे एकाच शहरातील एक संस्था यादीत असते, दुसरी नसते. कुरुद परिसरातील असो वा अन्यत्रची, आपली संस्था त्या वर्षीच्या यादीत आहे काय हे विद्यार्थ्याने नावानिशी तपासावे. अर्ज एकाच संकेतस्थळावरून करता येतो. नोकरी लागल्यावर जुनी करपद्धती निवडणाऱ्यास शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावटही मिळते.

टेबलापलीकडचा तरुण

शाखेत येणारा शैक्षणिक कर्जाचा अर्ज हा रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने अग्रक्रम क्षेत्राचा भाग आहे. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार या वर्गवारीसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे २५ लाख रुपयांची मर्यादा आहे. परंतु आकड्यांच्या पलीकडे एक गोष्ट शाखेतील सहकाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. टेबलासमोर बहुधा वडील बोलत असतात आणि मुलगा वा मुलगी शेजारी गप्प बसलेली असते. खरा कर्जदार तोच असतो. त्याच्याकडे वळून ‘हा अभ्यासक्रम का निवडला, हप्ता किती येईल, तो कसा भरणार?’ असे दोन-तीन प्रश्न आपुलकीने विचारले तर त्याला आपण मोठ्यांच्या व्यवहारात सहभागी आहोत याची जाणीव होते. व्याजाचे कोष्टक त्याच्या हाती दिले, उत्पन्नाच्या दाखल्याची आठवण वेळेवर केली आणि पत्ता किंवा दूरध्वनी बदलल्यास कळविण्यास सांगितले, तर पुढील अनेक अडचणी टळतात.

थकबाकीची सुरुवात अनेकदा अप्रामाणिकपणातून होत नाही, अज्ञानातून आणि संकोचातून होते. नोकरी लांबली, पगार अपेक्षेपेक्षा कमी मिळाला, की तरुण शाखेत येण्याचे टाळतो. अशा वेळी टाळण्यापेक्षा आधीच येऊन परिस्थिती सांगणे हिताचे असते, कारण मुदत वा हप्ता यांविषयी मार्ग निघू शकतो. बेकारीच्या काळासाठी परतफेडीत काही सवलत मिळण्याची तरतूदही योजनेत असते. वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ता पतमाहिती संस्थांकडे नोंदविला जातो आणि पुढे घर, व्यवसाय यांसाठी कर्ज घेताना तीच नोंद उपयोगी पडते.

पोलादनगरीतील पहिल्या पिढीने भट्टीच्या धगीपुढे उभे राहून आपल्या मुलांसाठी पुस्तकांची सोय केली. त्या पुस्तकांतून पुढे कोठे जावयाचे हे आता मुलांनी ठरवावयाचे आहे. कुरुदच्या रस्त्याने दररोज महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येकाला मोठे पद मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. मात्र आपल्याला काय हवे, त्यासाठी किती मोल द्यावे लागेल आणि ते मोल कोण देत आहे, एवढे ज्याला नीट सांगता येते, तो पदवी मिळण्यापूर्वीच प्रौढ झालेला असतो. ज्या घरात या विषयावर आईवडील आणि मुले एकत्र बसून बोलतात, त्या घरी कर्जाचा हप्ता सुरू झाल्याची सूचना आली तरी कोणी दचकत नाही.